मामंजींची फळी

मीठ धरत नव्हतं. दिवस मिठाचे होते, ऊन टाळू भाजत होतं, तरी वाफ्यातलं पाणी आपलं तसंच. सकाळी घोट्याच्या हाडाला लागायचं, संध्याकाळीही तिथंच लागायचं. दरवर्षी या दिवसांत जमिनीकडून कोरडा वारा सुटतो, ओठ फाटतात, पाणी बघता बघता आटतं आणि खाली पांढरी साय धरते. त्या वर्षी वारा समुद्राकडूनच येत राहिला, तोही आजारी माणसाच्या श्वासासारखा कोमट. अंगावरचा घाम वाळेना, दोरीवरचे कपडे वाळेनात. काडी ओढली की गूल पेटायच्या ऐवजी डबीवर फासला जायचा.

मिठागरावर आम्ही म्हणतो, हवेचं पोट भरलंय. जेवून तट्ट झालेल्या माणसाला आणखी वाढायला गेलं तर तो निदान हात आडवा धरतो. ही हवा तेवढंही करत नव्हती. नुसती वाफ्यांवर बसून होती.

आमचे हे सकाळपासून दंताळं ओढत होते. मीठच नाही तर दंताळं ओढायचं म्हणजे पाण्याचे केस विंचरायचे. पण पाणी हलतं ठेवलं की लवकर उडतं असं मामंजी सांगायचे, म्हणून हे ओढत होते. मी बांधाची फट मातीनं लिंपत होते. तेवढ्यात मुकादम छत्री उघडून आला. सावलीत उभं राहून दुसऱ्याच्या उन्हाची चौकशी करायची, एवढंच त्याचं काम.

"काय रे, मीठ काढतोयस की अंघोळ करतोयस?"

हे दंताळं ओढत राहिले. मुकादमानं काठी वाफ्यात बुडवली, तळचा चिखल ढवळून वर आणला आणि काठीचं टोक ह्यांच्या सदऱ्याला पुसलं. दारातल्या गोणपाटाला पाय पुसावेत तसं, अगदी सवयीनं.

"तुझा बाप असता तर या हवेतही पाट्या भरल्या असत्या त्यानं."

"बाप याच वाफ्यात झिजून गेला," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. मुकादम हसला. "सगळं ओलं झालं, वहिनींची जीभ तेवढी कोरडी आहे." मग ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बापाची जागा आहे बाबा ती. मालकांच्या पाया पडून तुला मिळवून दिली. सांभाळ."

हे मान डोलावून पुन्हा दंताळं ओढायला लागले. सदऱ्यावरचा चिखल त्यांनी पुसलासुद्धा नाही. मला असा राग आला म्हणून सांगू! मुकादमाचा नव्हे, ह्यांच्या त्या मान डोलावण्याचा.

मामंजी मागच्या हंगामाच्या शेवटाला गेले. उभा जन्म त्यांनी डोक्यावरून मिठाची पाटी वाहिली. ताजं मीठ ओलं असतं, त्यातून पाणी गळतं. चवीला कडू, बोटाला तेलकट. पाण्यातलं मीठ धरून झाल्यावर जे उरतं ते हे कडू पाणी, आणि ते कधी वाळत म्हणून नाही. ते मामंजींच्या मानेवरून पाठीवर उतरायचं, दिवसभर. संध्याकाळी घरी आले की ते हातपाय न धुता पुढच्या खोलीत बसायचे. आमच्या घराला दोनच खोल्या. मधल्या दाराला दोन फळ्या, मोडलेल्या होडीच्या लाकडाच्या, जाड, बिनरंगाच्या. त्या कायम उघड्या, भिंतीला चिकटलेल्या. उजव्या फळीला मामंजी पाठ टेकायचे, डोकंही टेकायचे, आणि डोळे मिटायचे.

तिथंच गेले. "पाणी दे गं," म्हणाले. सासूबाई आत गेल्या, फुलपात्र भरून आल्या, तोवर संपलं होतं. तसेच बसलेले. सासूबाईंनी बराच वेळ फुलपात्र पुढं धरलं होतं. त्यांना वाटलं, रागावलेत.

तर या भरल्या हवेच्या दिवसांत एकदा मी दिवेलागणीला घरात शिरले आणि माझ्या हातातली कळशीच निसटली. उजव्या फळीवर मामंजी बसले होते.

म्हणजे माणूस नव्हता. फळीवर ओल होती. पण कशी? खाली रुंद, वर खांदे, त्यावर मान, त्यावर डोकं. उजवा कान जरा पुढं, तसा त्यांचा होताच. लाकूड तेवढंच काळं पडलेलं आणि त्यावर बारीक थेंब, कपाळावर घाम डवरावा तसे. बाकीची फळी कोरडी.

सासूबाईंना डोळ्यांनी अंधुकच दिसायचं, पण तेवढं त्यांना बरोबर दिसलं. त्या समोर मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात भरलेलं फुलपात्र.

"उशीर केलात आज," त्या म्हणत होत्या.

"आई, कुणाशी बोलताय?" मी विचारलं. विचारायची काय गरज होती? पण तोंडाला काहीतरी बोलायचं होतं.

"डोळे फुटले का तुझे? घरात माणूस आलाय, डोक्यावर पदर घे."

आणि खरं सांगते, माझा हात पदराकडे गेला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाहिलं तर फळी सुकलेली. मामंजींच्या जागी पांढुरका डाग, पीठ सांडून पुसल्यासारखा. संध्याकाळी हवा निवली की पुन्हा खांदे, मान, डोकं. रोजचंच झालं. मीठ धरत नव्हतं, मामंजी मात्र न चुकता धरत होते.

हे म्हणाले, "ओल आहे गं. जुनं लाकूड."

"मग तुमच्या बापाच्याच मापाची कशी?"

"ते असताना इतकी वर्षं दिसली नाही ना?"

"दिसणार कशी? ते स्वतःच पुढं बसलेले असायचे."

उत्तर नसलं की हे तंबाखू मळतात.

मी तशी घाबरट नाही. सासूबाई शेजारी गेल्याचं पाहून एकदा मी पदर खोचला, मागच्या विहिरीचं पाणी काढलं, काथ्या घेतला आणि ती फळी घास घास घासली. माफ करा मामंजी, म्हणत होते, पण घासत होते. बोटांची सालं निघाली. संध्याकाळी काय व्हावं? मामंजी पहिल्यापेक्षा ठळक. आता तर पाठीच्या मणक्याची रेघही दिसायला लागली. हे हसायला लागले. "अगं, मागच्या विहिरीचं पाणी घेतलंस? ते खारं! मिठानं मीठ धुतेस होय?" आमच्याकडे गोडं पाणी गाडीनं यायचं, पिण्यापुरतं. ते फळीवर ओतायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. वर सासूबाईंनी घरी येऊन फळीकडे पाहिलं आणि मला जवळ घेतलं. "सासऱ्याला अंघोळ घातलीस, बाई गुणाची माझी." माझ्या आयुष्यात त्यांनी माझं केलेलं पहिलं कौतुक ते.

इथवर मी हसण्यावारी नेलं असतं. म्हाताऱ्या माणसाला एक विरंगुळा, बसू दे बिचाऱ्यांना. पण पुढं जे झालं त्यानं माझं हसू पळालं.

मामंजी गेल्यापासून हे डाव्या फळीला टेकून बसायचे. मी कधी लक्ष दिलं नव्हतं. दमलेला माणूस कुठंतरी टेकणारच. त्या संध्याकाळी मी लवकर घरी आले, हे अजून वाफ्यावरच होते. दारात पाऊल टाकते तो सासूबाईंचा आवाज, "आलास का रे? बस, बापाजवळ बस."

मला वाटलं, हे माझ्याआधीच कसे पोचले? आत पाहिलं. हे नव्हते. डाव्या फळीवर ओल होती. पुसट, अजून कोवळी, पण पाठच. आणि डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. पाटी वाहून ह्यांचा डावा खांदा उतरलाय, मी रोज तेल लावते त्याला, मी तो खांदा अंधारात हातानं ओळखीन. पुढ्यात दोन फुलपात्रं होती.

मी उलट्या पावली पळत सुटले. बांधावरून पळताना दोनदा घसरले, गुडघा फुटला. सूर्य गेलेला, वाफे सगळे शिसपेन्सिलीच्या रंगाचे, कुठं आभाळ संपतं आणि कुठं पाणी लागतं कळत नव्हतं. आणि त्यात हे उभे होते. दंताळं धरून, न हलता. मी हाक मारली. हलले नाहीत. पुन्हा हाक मारली तेव्हा सावकाश मान वळवली.

"काय झालं?"

मी त्यांचा हात धरला. गरम होता. ओला होता, पण गरम होता. "काही नाही," म्हटलं, "चला घरी." आणि मग तिथंच बांधावर बसून मी हुंदके देऊन रडले. माणूस जिवंत आहे आणि घरात त्याची ओल बसलीय, हे मी कुणाला सांगू?

घरी गेल्यावर मी ह्यांना डाव्या फळीसमोर उभं केलं. त्यांनी हळूच स्वतःचा डावा खांदा चाचपला.

"आपण जायचं इथून," मी म्हटलं.

"जागा बापाची आहे."

"तेच म्हणतेय मी. बाप बसला, आता तुम्ही बसताय. लाकूड भरत चाललंय तुमचं. मला नवरा घरात हवाय, दारात नको."

त्याच आठवड्यात माझा दादा भेटायला आला. दादा वर, घाट चढून गेलं की लागणाऱ्या शहरात कपडे धुण्याच्या कारखान्यात आहे. दवाखान्यांच्या चादरी तिथं येतात. धुतल्या की मोठ्या वाळवणखोलीत टांगायच्या, ती खोली दादाच्या ताब्यात. त्याला मी दोन्ही फळ्या दाखवल्या. त्यानं बोट लावलं, बोट जिभेला लावलं आणि थुंकला.

"कडू पाणी मुरलंय. भूतबीत काही नाही गं. साधं आहे. पाण्याला वर उडायचं असतं आणि हवेत आधीच जमलेली वाफ त्याला वर येऊ देत नाही. ज्याचा रेटा जास्त त्याचं चालतं. पाणी तापलं की त्याचा रेटा वाढतो. मीठ पडलं की घटतो. आणि तुमचं हे कडू पाणी इतकं चिवट, की स्वतः उडायचं राहिलं बाजूला, हवेतली वाफच खाली ओढून घेतं."

"मग दुपारी कुठं जातात?" मी विचारलं.

"दुपारी हवा तापते, तिला भूक लागते. संध्याकाळी गार झाली की तेवढीच वाफ तिला जड होते. आमच्या खोलीत हवेची ऊब मोजायचे दोन पारे टांगलेत शेजारी शेजारी. एकाच्या बुडाला ओलं फडकं बांधलेलं. हवा भुकेली असली की फडकं वाळतं, गार पडतं, तो पारा खाली राहतो. दोन्ही पारे सारखे झाले की समजायचं, हवा भरली, आता चादरी वाळत नाहीत." मग तो सासूबाईंकडे वळला. "तेव्हा आत्याबाई, मिठाची ओल आहे ही. भूत नाही."

"मी कुठं भूत म्हटलं?" सासूबाई म्हणाल्या. "मी नवरा म्हटलं."

दादाचं तोंड बंद करायची ताकद आमच्या सासूबाईंमध्येच.

पण दादानं एक काम केलं. कारखान्यात ह्यांना भट्टीवर आणि मला इस्त्रीवर घेतील, राहायला एक खोली मिळेल, असं तो सांगून गेला. हे कबूल होईनात. मी रोज मागं लागले. शेवटी डाव्या फळीला मान फुटली, नुसती पाठ होती तिथं मान फुटली, तेव्हा हे उठले आणि उजवी फळी उतरवायला तिच्या बिजागऱ्यांना तेल घालू लागले. कारण सासूबाईंनी अट घातली होती. "ते येत असतील तर मी येते."

"आणि ही?" ह्यांनी डाव्या फळीकडे बोट केलं.

"ती इथंच राहील," मी म्हटलं. "तुम्ही माझ्याबरोबर यायचं, तुमच्या त्या ओलीनं नाही."

निघायच्या दिवशी मुकादम आडवा आला. गाडीत भांडी, गाद्या, सासूबाई आणि त्यांच्या शेजारी टेकवलेली फळी. "वा! घर मालकांचं, आणि दार घेऊन चाललात? उतरव." हे उतरवायला लागलेसुद्धा. वर मुकादमानं फळीवर काठी आपटली, पोकळ आहे का बघायला. दिवस कलला होता, हवा नेहमीसारखी भरलेली. त्यानं जिथं काठी आपटली तिथं बघता बघता खांदा उमटला. मग दुसरा. मुकादम बघत राहिला. छत्री मिटायचीही शुद्ध राहिली नाही.

"न्या," तो म्हणाला. "न्या ते. आधी न्या."

सासूबाई गाडीतून म्हणाल्या, "काठी लागली त्यांना. पाया पड." आणि तो गाढव खरंच हात जोडून उभा राहिला.

वरच्या शहरातली हवा म्हणजे उपाशी हवा. चादर दोरीवर टाकून चिमटा शोधेपर्यंत वाळलेली. माझे ओठ फाटले, टाचा फाटल्या, पण मला ते इतकं आवडलं! उशी कोरडी, काडी पहिल्या ओढीत पेटते, मिठाच्या डब्यातलं मीठ खळखळ वाजतं. मिठागरावर जडलेला ह्यांचा खोकला गेला. ह्यांच्या पाठीवरचे जुने फोड वाळून खपल्या पडल्या. मी त्या खपल्या मोजत नव्हते, पण बघत होते रोज.

मामंजी मात्र आले नाहीत.

फळी भिंतीला टेकवून ठेवली होती, सासूबाईंच्या अंथरुणासमोर. ती दिवसेंदिवस पांढरी पडत गेली. डागावर मिठाची भुकटी यायची आणि झाडताना केरात जायची. पहिल्यांदा केरात गेली तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला. त्यानंतर मी त्या बाजूला केरसुणी नेली नाही. रोज संध्याकाळी त्या फुलपात्र भरून ठेवायच्या आणि वाट बघायच्या. सकाळी पाणी थोडं कमी झालेलं असायचं. मी म्हटलं, "बघा आई, प्यायले की."

"मला उल्लू बनवू नकोस," त्या म्हणाल्या. "हे पाणी हवा प्यायली. ते नाही प्यायले."

मग त्यांनी जेवण कमी केलं. बोलणं कमी केलं. कातडी कागदासारखी झाली, चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. दादानं डॉक्टर आणला, डॉक्टरनं पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मी पिते. त्यांनी मागितलं होतं, त्यांचं काय?" मीच या बाईला इथं ओढून आणलं होतं. हे बरे व्हावेत म्हणून आणलं, आणि ही माझ्या डोळ्यांसमोर वाळत होती.

त्या दिवशी माझी सुट्टी होती. ह्यांची दिवसपाळी. मी कारखान्यातून ओल्या चादरी मागून आणल्या आणि खोलीभर दोऱ्या बांधून टांगल्या. खिडकी लावली. दाराखालच्या फटीत गोधडी कोंबली. चुलीवर मोठं पातेलं ठेवलं आणि पाणी खळखळ उकळू दिलं, झाकण न ठेवता. दादाकडचे जुने दोन पारे आणून खिळ्याला अडकवले होते. एकाच्या बुडाला ओलं फडकं. सुरुवातीला दोघांत हातभर अंतर असल्यासारखं वाटत होतं. पाणी उकळत राहिलं, फडक्याचा पारा चढत राहिला.

"काय करतेस गं?" सासूबाईंनी विचारलं.

"तिकडची हवा करतेय."

त्या उठून बसल्या. खिडकीची काच आतून पाझरायला लागली. भिंतीवर ओघळ आले. चादरी जड होऊन लोंबत होत्या, त्यांच्यामधून खोलीचं पलीकडचं टोक दिसेना. श्वास घेतला की पाणी प्यायल्यासारखं वाटत होतं. तोच वास आला, वाफ्यांचा, खारा, शिळा. इथं घाटावर, समुद्रापासून इतक्या लांब! पारे अजून एकमेकांना भेटले नव्हते, तोच फळीचा रंग बदलायला लागला.

आधी पाठ आली. मग खांदे. मान सावकाश आली, अंधारातून कुणी वर उठावं तशी. डोकं. पुढं आलेला कान. मग सगळीकडून थेंब डवरले आणि एक थेंब खाली घरंगळला.

सासूबाईंनी फुलपात्र पुढं सरकवलं. "रागावलात का हो?" त्या म्हणाल्या. "मी आले होते पाणी घेऊन. लगेच आले होते. तुम्हीच थांबला नाहीत."

मी तोंडाला पदर लावून चुलीकडे वळले. रडू आवरेना. एवढंच सांगायचं होतं बाईला, इतके दिवस. मी मनातल्या मनात जिला खुळी म्हणत होते, तिला एवढंच सांगायचं होतं.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. गोधडी सरकली. हे पाळी संपवून आले होते, भट्टीसमोर उभं राहून लाल झालेले, घामानं निथळलेले. खोलीतली वाफ बघून काही विचारतील असं वाटलं, पण इतके दमले होते की काही विचारलं नाही. चपला काढल्या, चादरी हातानं बाजूला सारत पुढं आले, आणि फळीला पाठ टेकायच्या जुन्या सवयीनं मामंजींच्या फळीला टेकून बसले. डोकंही टेकलं. डोळे मिटले.

मी बघत होते. मामंजी ह्यांच्यापेक्षा रुंद होते, हे सगळ्यांना ठाऊक. तिकडच्या फळीवर ह्यांची ओल बापाच्या निम्मीही नव्हती. ह्यांच्या कडेनं मामंजींचे खांदे दिसायला हवे होते. मी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. कडेनं कुठंही ओल दिसत नव्हती. लाकूड सगळीकडे कोरडं, आणि मधोमध हे, बापाच्या मापात अगदी नेमके.

"पाणी दे गं," हे डोळे न उघडता म्हणाले.

सासूबाईंनी फुलपात्र उचललं. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की माझ्या हातून ते सुख मोडवणार नाही असं वाटलं. पण मी मधे गेले. दोन्ही हातांनी ह्यांचे दंड धरले आणि ओढलं. जड होते. दमलेला माणूस जड असतो, पण इतका नसतो. लाकडापासून पाठ सुटताना ओलं कापड सोलल्यासारखा आवाज आला.

"काय गं, बसू दे की जरा," हे कुरकुरले.

"उठा," मी म्हटलं. "तिथं मामंजी बसलेत."

हे उठले. मागं वळून त्यांनी फळीकडे पाहिलं. मामंजी होते, रुंद, पूर्वीसारखे. सासूबाईंनी फुलपात्र पुन्हा त्यांच्यासमोर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "बरं केलंस."

मी ह्यांना दुसऱ्या भिंतीपाशी, सतरंजीवर बसवलं, कशालाही टेकू दिलं नाही. प्यायला पाणी दिलं, माझ्या हातानं. अंगातला सदरा काढून घेतला. पाठीकडून तो चिंब होता आणि बोटांना तेलकट लागत होता. नळ सोडला आणि तो गोड्या पाण्यात बुडवला, पिळला, पुन्हा बुडवला. पाण्याची चव जिभेवर घेऊन बघत होते. चौथ्यांदा पिळला तेव्हा कुठं ते नुसतं पाणी लागलं.